कासाराची सायकल आणि एकावन्नावा छर्रा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणजे अगदी अशी जुनीही नव्हे, कारण तिच्यात सायकल आहे. बोधकथेत सायकल कुठून आली, असं बाळगोपाळ विचारतील आणि त्यांचे आजोबाही मान वर करून बघतील. पण कोल्हा चालतो, गाढव चालतं, शहाणपण शिकवणारा पोपटसुद्धा चालतो, मग एका गरीब सायकलीनंच काय घोडं मारलंय? ऐका तर.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक कासार राहत होता. बायको लवकर वारली. मागं तीन मुलं: थोरला मुलगा, मधली अनसा आणि धाकटा भिवा. मुलं त्याला आबा म्हणत, म्हणून आपणही आबाच म्हणू.

आबा पंचक्रोशीत बांगड्या विकायचे, आणि तेही सायकलवरून. मागच्या कॅरिअरला बांगड्यांची लाकडी पेटी बांधलेली असायची. आता काच आणि खाचखळग्यांचा रस्ता यांचं कधी जमलंय का? सायकल जरा खडखडली की पेटीतला निम्मा माल वाढलाच म्हणून समजा. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अशुभ शब्द तोंडात नको, एवढंच त्यामागचं कारण.

म्हणून दर वर्षी श्रावण तोंडावर आला की आबा अंगणात गोणपाट पसरायचे आणि अख्खी सायकल खोलायचे. आधी घंटी निघायची. मग चेनवरचं झाकण, मग चेन, मग चाकं, मग पायडलं. सगळ्यात शेवटी निघायची ती हँडलखालची मान. त्या मानेत दोन वाट्या असतात, एक वर आणि एक खाली, आणि वाट्यांत ज्वारीच्या दाण्याएवढे पोलादी छर्रे. हँडल वळतं ते त्यांच्या जिवावर.

निघालेला प्रत्येक भाग आबा गोणपाटावर ओळीनं मांडायचे. रॉकेलनं धुवायचे, चिंधीनं पुसायचे, तेल द्यायचे. दोघे मुलगे पहिल्या चाकापर्यंत थांबायचे आणि मग विहिरीवर पोहायला पळायचे. अनसा मात्र शेवटपर्यंत बसून असायची.

"अनसे, आता जोडायचं. आधी काय बसवायचं?" आबांनी तिला एकदा विचारलं होतं.

"घंटी," ती म्हणाली होती, कारण सगळ्या सायकलीत तिला तीच आवडायची.

आबा हसले. "घंटी पहिली निघाली ना, म्हणून ती बसणार शेवटी. जे शेवटी निघालं ते आधी बसवायचं, पोरी. या टोकाकडून नाही, त्या टोकाकडून."

पुढं अनसाचं लग्न झालं. सासर तीन कोसांवर, नदीच्या पलीकडे. घर खाऊनपिऊन सुखी, नवरा समजूतदार, सासू तोंडानं तिखट पण मनानं बरी. तरी श्रावण आला की अनसाचं लक्ष उडायचं. भाजीत दोनदा मीठ पडायचं किंवा पडायचंच नाही.

त्या मुलखात एक रीत होती. लेकीनं आपल्या पायांनी माहेरी जायचं नाही. माहेरचं कुणीतरी न्यायला यायला हवं. असा जो न्यायला येतो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बोलावणं नाही आणि मुऱ्हाळी नाही, तर लेकीनं माहेरची पायरी चढायची नाही, मग जीव कितीही तुटो.

आबा दर वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी यायचे. त्या दिवशी बाया भावासाठी उपवास धरतात. अनसा उपाशीपोटी गावाच्या वेशीवर उभी राहायची आणि आबांची सायकल नदीच्या उतारावरून आवाज न करता यायची. मग कॅरिअरवरच्या पेटीच्या जागी अनसा बसायची. तीन कोस ती आबांच्या पाठीकडे बघत बडबड करायची आणि आबा नुसते "हं, हं" करायचे. घरी गेल्यावर पायरीवर बसवून ते स्वतः तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरायचे. वर्षभर पुरेल एवढं माहेर तिला त्या चार दिवसांत मिळायचं.

एका माघात आबा गेले.

आता भावाभावांची भांडणं कशावरून होतात हे मला विचारू नका. ज्यांची झालीत त्यांनाही ते सांगता येत नाही. इथं सुरुवात झाली लाडवावरून. आबांच्या तेराव्याच्या जेवणात धाकट्याच्या सासऱ्यांच्या पानात लाडू पडला नाही. धाकट्याला वाटलं, मुद्दाम. मग परसातल्या शेवग्यावरून झालं, की शेंगा कुणी तोडल्या. मग बांगड्यांच्या पेटीवरून. बोलता बोलता गोष्ट वाटणीपर्यंत गेली आणि पंच बसले.

शेत वाटलं, घर वाटलं, भांडी वाटली. राहिली सायकल.

एक म्हातारे पंच होते. ते म्हणाले, "आबा या सायकलवरून लेकीला आणायचे. तेव्हा सायकल ज्याची, मुऱ्हाळी तो. अनसाचं माहेरपण त्याच्या घरी."

झालं! तोवर सायकलीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता दोघेही हट्टाला पेटले.

"थोरला मी आहे. आबांच्या मागं बहिणीला मीच आणणार," थोरला म्हणाला.

"आक्कानं मला कडेवर वागवलंय. ती माझ्याकडेच येणार," धाकटा म्हणाला.

दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी पंच वैतागले. "मग घ्या अर्धी-अर्धी करून!" ते रागानं बोलले. रागानं बोललेलं शहाण्यानं कानाआड करायचं असतं. पण त्या दिवशी तिथं शहाणा कुणी नव्हता.

दोघे भाऊ पाने-पक्कड घेऊन बसले. घंटी थोरल्याला, झाकण धाकट्याला. चेन थोरल्याला, सीट धाकट्याला. पुढचं चाक याला, मागचं त्याला. एक तुझा, एक माझा, असं करत करत ते मानेपर्यंत आले. मानेतून छर्रे निघाले. थोरल्यानं मोजले. पंचवीस तुला, पंचवीस मला, आणि हातात उरला एक.

"तो माझा. मी थोरला."

"तो माझा. लहानाला एक जास्त द्यायची रीत असते."

थोरला उठून उभा राहिला. तो छर्रा त्यानं धाकट्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाला, "घे! गीळ! आजपासून तू माझा भाऊ नाहीस."

धाकट्यानं छर्रा उचलला आणि उकिरड्याच्या दिशेनं जीव खाऊन भिरकावला. त्यानंतर दोघे एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

सायकलीचा सांगाडा तेवढा राहिला. तो काही करवतीनं कापता येईना. पंचांनी तो रस्त्याकडेच्या लिंबाला टेकवून ठेवला. अंगणाच्या मधोमध बाभळीच्या काट्यांचं कुंपण आलं. एका घराची दोन घरं झाली, एका चुलीच्या दोन चुली झाल्या. अनसाचं माहेर मात्र एकही उरलं नाही.

दोघांनाही बहीण हवी होती आणि नेमकी म्हणूनच ती कुणाकडे येऊ शकत नव्हती. थोरला एकटा न्यायला गेला असता तर धाकट्यानं पंचांकडे धाव घेतली असती, की सायकल नसताना हा मुऱ्हाळी कसा? धाकटा गेला असता तर थोरल्यानं तेच केलं असतं. म्हणून दोघे आपापल्या ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत राहिले.

पहिल्या पंचमीला अनसा वेशीवर दिवेलागणीपर्यंत उभी होती. माहेरगावावरून आलेल्या कल्हईवाल्यानं तिला सगळी हकिगत सांगितली, तेव्हा तिला ती खरी वाटली नाही. दुसऱ्या पंचमीला तिनं लुगडी बांधून गाठोडं तयार ठेवलं आणि चार दिवसांनी सोडलं. तिसऱ्या पंचमीला गाठोडं बांधलंच नाही, पण उपवास धरला.

"ज्या भावांना बहीण आठवत नाही, त्यांच्यासाठी उपाशी कशाला राहतेस?" शेजारीण म्हणाली.

"त्यांना आठवते," अनसा म्हणाली. "त्यांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही, एवढंच."

नवरा म्हणाला, "मी सोडून येतो तुला." तिनं मान हलवली. नवऱ्यानं सोडणं आणि माहेरानं नेणं यांत काय फरक आहे, हे त्या भल्या माणसाला तिला समजावता आलं नाही. आणखी एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. त्या तीन वर्षांत तिनं दुसऱ्या कुठल्याही कासाराकडून बांगड्या भरल्या नव्हत्या. डझनभर होत्या त्या एकेक करत वाढल्या. आता डाव्या हातात दोन होत्या आणि उजव्यात एक.

चौथी पंचमी आठ दिवसांवर आली तेव्हा अनसा सकाळी उठली, केस विंचरले आणि सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, मी गावाला जाऊन येते."

सासूनं निवडायचं सूप खाली ठेवलं. "कोण आलंय न्यायला?"

"कुणी नाही."

"अगं, न बोलावता गेलेल्या लेकीला माहेरी मान नसतो. तिला ना कुणी पाहुणी म्हणत, ना घरची. चार लोकांत काय शोभा होईल?"

"लेक म्हणून मी जातच नाही, आत्याबाई. सायकल जोडायला जाते. कारागिराला काही कुणी मुऱ्हाळी धाडत नाही. काम दिसलं की तो आपला जातो."

सासू उठली आणि चार भाकऱ्या, लसणाची चटणी फडक्यात बांधून आणली. "घे. कारागिरालाही पोट असतंच," ती म्हणाली.

तीन कोस चालून अनसा माहेरच्या दारापुढं आली. घराला आता दोन दारं झाली होती. लिंबाखाली सांगाडा होता, गंजून पार विटकरी झालेला. तिनं बरोबर आणलेलं गोणपाट रस्त्यावरच पसरलं, पाना बाजूला ठेवला, सांगाडा आडवा घातला आणि वाळू नि चिंधी घेऊन तो घासायला बसली. रस्ता कुणाच्याच वाटणीत गेला नव्हता.

आवाज ऐकून दोघे भाऊ आपापल्या दारातून बाहेर आले.

"अनसे! अगं, बाहेर का बसलीस? आत ये," थोरला म्हणाला.

"आक्का, माझ्याकडे ये. चुलीवर चहा आहे," धाकटा म्हणाला.

"मला न्यायला कुणी आलं होतं का?" अनसानं विचारलं.

दोघांनी माना खाली घातल्या.

"मग मी पायरी कशी चढू? मी कामाला आलेय. तुमच्याकडे आबांची सायकल आहे, ती जोडायची आहे. सगळी नको. शेवटी काय निघालं होतं, तेवढंच द्या."

धाकटा पुटपुटला, "छर्रे."

थोरला घरात गेला आणि चुन्याची डबी घेऊन आला. धाकट्यानं बायकोचा कुंकवाचा करंडा आणला. अनसानं दोन्ही उघडले. तिला वाटलं होतं, गंजाचा चुरा निघेल. आत पंचवीस आणि पंचवीस छर्रे होते, तेलात बुडवलेले, लखलखीत. थोरल्यानं धाकट्याकडे चोरून बघितलं, धाकट्यानं थोरल्याकडे. तीन वर्षं दोघेही गुपचूप तेल घालत होते. अनसाचे डोळे भरून आले. असं तेल घालणाऱ्या माणसांना तोंडातून एक शब्द का काढता येऊ नये, हे तिला कळेना.

"आता शेवटच्या टोकाकडून जुळवू," ती म्हणाली. "आधी हे भांडण मिटवा, मग छर्रे बसवते."

"मिटवायला मी तयार आहे," थोरला लगेच म्हणाला. "पण आधी त्या लाडवाचं ठरू दे. तेराव्याला मी मुद्दाम लाडू वाढला नाही, असं हा चारचौघांत म्हणाला."

"नव्हताच वाढला!" धाकटा म्हणाला. तीन वर्षांनी तो भावाशी बोलला, ते हे असं.

"खोटारडा!"

"खोटारडा कोण, ते विचार गावाला!"

अनसानं पाना आपटला. "दादा, आबा सायकल जोडायला बसले की आधी काय बसवायचे? घंटी?"

थोरल्यानं ते कधी बघितलंच नव्हतं. तो तेव्हा विहिरीवर असायचा.

"घंटी पहिली निघते, म्हणून शेवटी बसते. तुमचा लाडू म्हणजे घंटी. तो शेवटी. मला सांगा, तुमच्यात शेवटचा शब्द काय झाला होता?"

तो शब्द दोघांनाही पाठ होता. पण थोरल्यानं तोंड फिरवलं आणि तो घरात गेला. धाकटाही गेला. डबी आणि करंडा गोणपाटावर तसेच राहिले. अनसानं त्यांची झाकणं लावली. तिनं दोन्ही घरांतलं पाणीसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी ती शेजारच्या कुंभारणीकडे गेली आणि तिच्या पडवीत निजली. चाळीस पावलांवर माहेर असताना परक्या पडवीत निजायची वेळ आली, म्हणून ती खूप रडली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा रस्त्यावर. सांगाडा पुसून झाला होता. मानेतली वाटी गंजानं घट्ट धरली होती. अनसानं पान्याला जोर लावला. पाना सटकला, तिचा हात सांगाड्यावर आपटला आणि उजव्या हातातली एकुलती बांगडी वाढली.

कट् असा तो बारीक आवाज. इतर कुणाला तो ऐकूही आला नसता. पण ओसरीवर कासार बसला होता, आणि कासाराचा कान त्या आवाजाला झोपेतही जागा असतो. थोरला ताडकन उठला. त्यानं बहिणीचा हात बघितला. सवाष्णीचा हात, कासाराच्या लेकीचा हात, आणि मोकळा! डाव्या हातात दोन जुन्या बांगड्या, रंग उडालेल्या. त्या आबांनी भरलेल्या होत्या हे त्यानं ओळखलं.

तो धावत आत गेला आणि हिरव्या बांगड्यांची माळ घेऊन आला. "दे हात."

अनसानं मूठ मिटली. "मी माहेरच्या पायरीवर भरते, दादा. रस्त्यावर नाही."

"मग चल पायरीवर!"

"कुणाच्या? तुला भाऊ नाही म्हणालास. म्हणजे मलाही एक भाऊ कमी झाला. मी अर्ध्या माहेरात बांगड्या कशा भरू?"

थोरला उभा राहिला. कुंपणापलीकडे धाकटा येऊन थांबला होता. त्याच्याकडे न बघता थोरला म्हणाला, "भिवा, ये. वाटी धर जरा."

"तो शब्द, दादा," अनसा म्हणाली.

पन्नाशीला आलेल्या माणसाला एवढं जड ओझं त्याच्या बापानंही कधी उचलायला लावलं नव्हतं.

"तू माझा भाऊ आहेस," तो म्हणाला. "त्या दिवशी बोललो तेव्हाही होतास. चुकलं माझं."

धाकटा कुंपण ओलांडून आला. काटे पायात गेले, त्याला भानच नव्हतं. "मी छर्रा फेकायला नको होता, दादा," तो म्हणाला. "आबांचा होता तो."

मग तिघं गोणपाटाभोवती बसली. थोरल्यानं सांगाडा धरला, धाकट्यानं वाटी धरली आणि अनसानं ग्रीस भरून एकेक छर्रा बोटानं बसवायला घेतला. खालच्या वाटीत पंचवीस. वरच्या वाटीत पंचवीस. वरच्या ओळीत बारीकशी फट राहिली.

"बघ, एक कमी पडला," धाकटा कळवळून म्हणाला. "मी फेकला तोच. आता मी कुठून आणू?"

"कमी नाही पडला," अनसा म्हणाली. "एवढी जागा सोडायचीच असते. ठासून भरले की मान वळत नाही, अडते. वाट्यांना पन्नासच लागतात. एकावन्नावा जास्तीचा. एखादा हरवला तर असावा म्हणून आबा तो ग्रीसमध्ये चिकटवून ठेवायचे."

थोरला रस्त्याकडे बघत होता, धाकटा आपल्या हातांकडे. ज्या छर्ऱ्यापायी तीन वर्षं गेली, तीन पंचमी गेल्या, एक बहीण वेशीवर उपाशी उभी राहिली, तो छर्रा सायकलीला लागतच नव्हता. थोरल्यानं पंच्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाला, "दे पुढचं."

पुढं तीन दिवस काम चाललं. मान बसली तसा पुढचं चाक धरणारा चिमटा बसला. पायडलं बसवताना पेटीची गोष्ट निघाली आणि दोघांनी ती वाटून घेतली: सोमवार ते बुधवार याच्याकडे, पुढचे दिवस त्याच्याकडे. चाकं बसली तेव्हा शेवग्याचा निकाल लागला. चेन ताणताना बोटं चेंगरली आणि दोघांनी मिळून तिला शिव्या घातल्या. सगळ्यात शेवटी घंटी हातात आली आणि घंटीबरोबर तो लाडूही.

"जाऊ दे तो लाडू," धाकटा म्हणाला. "तसंही सासऱ्यांना वैद्यानं गोड बंद केलंय."

थोरला आधी गालात हसला, मग त्याला हसू आवरेना. आत दोन चुलींपुढं दोन जावा होत्या, त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

"चल अनसे, आता तरी आत ये," थोरला म्हणाला.

अनसानं हात धुतले, गोणपाट झटकलं आणि घडी घातली. "काम झालं, कारागीर निघाला," ती म्हणाली. "परवा भावाचा उपवास आहे. मला न्यायला या."

"अगं, दारात आलीस आणि परत जातेस?"

"दारात आले ती माझ्या पायांनी. तुमच्या पायांनी यायचंय मला."

आणि ती खरोखर तीन कोस चालत परत गेली. वाटेत तिला फार वाटलं की वेडेपणा केला. ती मधे होती तोवर दोघे नीट वागले. आता ती नाही. दोन दिवस फार असतात. दोन दिवसांत शेवगा पुन्हा शेंगा देईल आणि पुन्हा कुणीतरी त्या तोडेल.

उपवासाच्या दिवशी ती सकाळपासून वेशीवर उभी होती. ऊन कलायला लागलं. नदीच्या उतारावर गुरं दिसली, शेळ्या दिसल्या, बाजारकरी दिसले. सायकल दिसली नाही. आबा या वेळेपर्यंत कधीच येऊन पोचायचे. शेजारीण दोनदा पाण्याला गेली आणि दोन्ही वेळा काही बोलली नाही. ते न बोलणं अनसाला जास्त लागलं. ती परत फिरणार होती.

तेवढ्यात उतारावर दोन माणसं दिसली. दोघांच्या मधे सायकल होती. सायकलवर कुणीच नव्हतं. एकानं डावीकडून हँडल धरलं होतं, एकानं उजवीकडून, आणि दोघे चिखल तुडवत चालत येत होते.

ती जवळ गेली तेव्हा दोघांची धोतरं गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"एवढा उशीर?" तिनं विचारलं.

"हा बसेना," थोरला वैतागून म्हणाला. "म्हटलं, तू चालव, मी येतो मागून. ऐकेल तर शपथ!"

"थोरल्याला चालायला लावून मी सायकलवर बसू?" धाकटा म्हणाला. "लोक काय म्हणतील? मी याला म्हटलं तू बस, तर हाच बसेना."

सासू दारातून बघत होती. "सायकल असून तीन कोस चालत आलेले मुऱ्हाळी मी जन्मात पहिल्यांदा बघते," ती म्हणाली आणि पाय धुवायला पाणी आणायला आत वळली.

निघताना दोघांनी अनसाला कॅरिअरवर बसवलं. ती सवयीनं बसली, सवयीनं पुढं बघितलं, आणि पुढं काहीच नव्हतं. आबांची पाठ नव्हती. तिला काय काय सांगायचं होतं, चार वर्षांचं साठलेलं, आणि "हं, हं" करणारं तिथं कुणी नव्हतं. इतके दिवस तिला वाटत होतं की सायकल जोडली की तेही परत मिळेल. ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

"मी चालवू का?" थोरल्यानं हळूच विचारलं.

तिनं मान हलवली आणि खाली उतरली. आपलं गाठोडं तिनं कॅरिअरवर ठेवलं. "तिघंही चालू," ती म्हणाली. "मला खूप बोलायचंय."

मग तिघं चालत निघाली. अनसा बोलत होती आणि दोन्ही बाजूंनी दोन भाऊ ऐकत होते. मधेच थोरल्याच्या तोंडून "हं" निघालं, मग धाकट्याच्याही निघालं. घरी पोचायला त्यांना जेवढा उशीर झाला तेवढा आबांना कधीच झाला नव्हता, पण त्या उशिराबद्दल कुणी तक्रार केली नाही. मग माहेरच्या पायरीवर बसवून थोरल्यानं अनसाचे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरले. पुढं दर वर्षी ती तिघं तशीच चालत येत. गावातले लोक हसत, आणि हसता हसता घरी जाऊन आपापल्या भावांना निरोप धाडत.

तात्पर्य: तुटलेलं नातं जोडायचं असेल तर भांडण कुणी सुरू केलं ते शोधू नये, ज्यानं शेवटचा शब्द टाकला, त्यानं तो आधी मागं घ्यावा.